पाटावरचे दोन टॅबलेट

मागच्या आठवड्यात मी खंडेनवमीचा फोटो पाठवला, तेव्हा तुम्ही दोघांनी विचारलंत की आत्याच्या टॅबलेटला कुंकू का लावलं आहे आणि त्याच्या बाजूला ती जुनी काळी वही कसली. फोनवर मी हसून विषय बदलला. दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं, म्हणून आता लिहून काढते आहे. तुमचे बाबा तुम्हाला वाचून दाखवतील. त्यांचाही यात थोडा भाग आहे, तो त्यांनी गाळू नये.

तुमची आत्या विमान चालवत असे, हे तुम्हाला माहीत आहे. तुम्ही ज्यातून इकडे येता तसं मोठं विमान नव्हे. नागपूरला एक कंपनी आहे, ती आजारी माणसांना हैदराबाद, चेन्नई, दिल्ली अशा ठिकाणच्या दवाखान्यांत पोचवते. लहान, दोन पंख्यांचं विमान. आत खुर्च्यांच्या जागी स्ट्रेचर, ऑक्सिजनची नळकांडी आणि डॉक्टरला बसायला एक अरुंद जागा. डाव्या खुर्चीत, म्हणजे मुख्य वैमानिकाच्या खुर्चीत, आत्या बसत असे. मी एकदाच ते विमान आतून पाहिलं. आमच्या जुन्या जीपपेक्षा फार मोठं वाटलं नाही.

मागच्या वर्षी गुढीपाडव्याला ती वर्ध्याला आली होती. स्वयंपाकघरात माझ्याशी बोलता बोलता ती खाली पडली आणि तिचं अंग झटके देऊ लागलं. मिनिटभरात सगळं शांत झालं. उठली तेव्हा तिला काहीच आठवत नव्हतं. नागपूरच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, त्यात काही निघालं नाही. दुसऱ्या कोणाला अशी बातमी आनंदाची वाटली असती. विमानाच्या धंद्यात मात्र कारण सापडलं नाही की भीती वाढते. तिचं उड्डाण थांबवलं गेलं, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तपासणी करू असं ठरलं. मोटार चालवायलाही बंदी आली. नागपूरचं घर सोडून ती माझ्याकडे राहायला आली.

कंपनीने तिला बसून करण्यासारखं एक काम दिलं. ते टॅबलेटचं.

पूर्वी वैमानिक जाडजूड पिशव्या भरून कागद घेऊन जात. कुठल्या विमानतळावर कसं उतरायचं त्याचे नकाशे, विमानाची पुस्तकं, वजनाचे हिशेब. आता ते सगळं टॅबलेटमध्ये असतं. प्रत्येक विमानात दोन, दोन वैमानिकांचे दोन. दर अठ्ठावीस दिवसांनी नकाशे नवे येतात, ते भरावेच लागतात. तेवढं सोपं होतं. माझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी त्या तारखांना लाल गोल करून ठेवत असे. अवघड होतं ते दुसरंच. टॅबलेट बनवणारी कंपनी मधूनच आपलं सॉफ्टवेअर बदलते. ती काही वैमानिकांसाठी बदलत नाही, साऱ्या जगासाठी बदलते. नकाशे दाखवणारं ॲप बनवणारे लोक वेगळे. त्यांचं ॲप नव्या सॉफ्टवेअरवर नीट चालतं की नाही हे कळायला कधी दिवस जातात, कधी आठवडे. तोवर टॅबलेटने नवं सॉफ्टवेअर घेता कामा नये. हा बदल अडवायला विमान कंपनीने एक कुलूप घातलेलं असे, पण त्याला मुदत होती. मुदत संपली की टॅबलेट रोज विचारू लागे, आज रात्री घेऊ का? आणि कोणीतरी रोज त्याला सांगावं लागे, आज नको.

ते कोणीतरी म्हणजे आत्या. तिच्याकडे चाचणीसाठी एक वेगळा टॅबलेट होता. नवं आलं की ती आधी त्याच्यावर घेई, चार-पाच दिवस एकेक पान उघडून पाही. ठीक निघालं तर विमानातल्या दोहोंपैकी एकावर घेई. तो काही दिवस उडून आला की मगच दुसऱ्यावर. एका विमानाचे दोन टॅबलेट एका दिवशी कधी बदलायचे नाहीत, हा तिचा नियम होता. मला तो लगेच पटला. नवं दही नीट लागलंय हे पाहिल्याशिवाय मी जुन्या विरजणाची वाटी धुवायला टाकत नाही. घरात मागून आणायला शेजार असतो, वर आकाशात कोणाकडे वाटी घेऊन जाणार?

संध्याकाळचा चहा झाला की ती घरी आणलेले टॅबलेट मांडून बसे आणि एकेकाला 'आज नको' सांगे; विमानात असलेल्यांसाठी वैमानिकांना फोन करी. एकदा मी म्हटलं की हे काम तुझ्या शिक्षणाला साजेसं नाही. आपण घरात वऱ्हाडीच बोलतो, म्हणून ती जशी बोलली तसंच लिहिते.

"आई, या कामाच्या भरवशावर मी अजून विमानवाल्यांत आहो. हे गेलं तं मंग माझं तिथं काहीच नाई. मी त्या रस्त्यालेही जाणार नाई."

त्यानंतर मी त्या कामाला हलकं म्हटलं नाही.

आता खंडेनवमीचं सांगते. तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात होते. कालव्यांची मोजणी करत. नवमीला ते आपली अवजारं घासूनपुसून पाटावर मांडत. दोरीला लोंबणारा पितळी ओळंबा, टेप, पट्ट्या. त्यांचा एक नियम होता. पूजेतलं अवजार दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, त्याच्यावर आपट्याचं पान वाहिल्याशिवाय उचलायचं नाही. बाकी कशातही ते हट्टी नव्हते, यात होते. साहेबांचा निरोप आला तरी ते सांगत, आज माझी हत्यारं विसाव्याला आहेत. ते गेल्यावरही मी ओळंबा मांडते. शेजारी माझं पेन आणि शब्दकोश, आणि आत्या उडत होती तोवर तिचा हेडसेट व तिची काळी वही. त्या वहीत तिने केलेल्या प्रत्येक उड्डाणाची नोंद आहे. वैमानिक तिला लॉगबुक म्हणतात.

मागच्या वर्षी नवमीला मी पाट मांडला आणि तिला लॉगबुक आणायला सांगितलं. ती दारात उभी राहिली, हातात दोन टॅबलेट.

"थे सध्या चालू नाई, आई. पूजेत चालू अवजार ठेवा लागते."

मी पाटावर जागा केली. तिने दोन्ही टॅबलेट पाटावर शेजारी शेजारी ठेवले. दोन्ही एकाच विमानाचे होते. त्या विमानाची मोठी तपासणी चालू होती, ते दसऱ्यानंतरच उडणार होतं, म्हणून नवे नकाशे भरायला ते घरी आणले होते. एरवी ती एका विमानाचा एका वेळी एकच आणत असे. मी विचारलं, दोन्ही कशाला, एक ठेव. ती म्हणाली, जोडी आहे, एकाची पूजा करावी आणि एकाला टेबलावर ठेवावं हे बरं दिसत नाही. नकाशे भरायचं काम आपोआप होणार होतं, त्याला हात लावायची गरज नव्हती. तिने चार्जरच्या पांढऱ्या वायरी झेंडूच्या फुलांतून नेऊन भिंतीपर्यंत ओढल्या. मी हळदकुंकू वाहिलं. काचेवर बोट टेकलं तर काही चालू होईल की काय, म्हणून मी कुंकू कडेला लावलं.

संध्याकाळी चहा झाला. ती सवयीने उठली आणि पाटापाशी गेली. एक टॅबलेट उजळला होता, फुलांतून त्याचा उजेड दिसत होता. तिने हात पुढे केला, मग मागे घेतला, नमस्कार केला आणि आत आली. मी ते पाहिलं. तिच्या वडिलांची आठवण म्हणून मला बरंच वाटलं.

कुलपाची मुदत नेमकी त्याच दिवशी संपली होती. त्या उजेडात टॅबलेट विचारत होता, आज रात्री घेऊ का? त्याला आणि त्याच्या जोडीदाराला कोणी नको म्हटलं नाही.

दसऱ्याला सकाळी चहाच्या वेळी नागपूरहून फोन आला. एका लहान मुलीला तातडीने हैदराबादला न्यायचं होतं. कंपनीचं दुसरं विमान दूर गुवाहाटीकडे गेलेलं. तपासणीतलं विमान आदल्या संध्याकाळीच तयार झालं होतं, फक्त टॅबलेट हवे होते. आत्याने फोन ठेवला आणि मला विचारलं, आई, उचलू का? मी घाईने दोन्हींवर एकेक आपट्याचं पान ठेवलं आणि म्हटलं, उचल.

तिने एक उघडला. मग दुसरा. नकाशांचं ॲप उघडायचं आणि लगेच मिटायचं. या नव्या सॉफ्टवेअरवर ते चालत नाही हे तिला आधीच ठाऊक होतं. चाचणीच्या टॅबलेटवर तिने ते आठवड्यापूर्वी पाहिलं होतं, आणि सगळ्या वैमानिकांना तिनेच कळवलं होतं की हे कोणीही घेऊ नका. आता मागे जाता येत नव्हतं. ती पाटासमोर जमिनीवर बसली.

"दोन्ही गेले, आई," ती म्हणाली.

एवढंच. मग ती उठली. तिने उड्डाणप्रमुखांना फोन लावला आणि जसं झालं तसं सांगितलं. हवाई दलातून निवृत्त झालेले ते गृहस्थ. टॅबलेट नसतील तर ताज्या नकाशांच्या कागदी प्रती चालतात, पण ऑफिसातला कागदांचा संच जुन्या महिन्याचा होता आणि सणामुळे ऑफिस बंद होतं. तिच्या लॅपटॉपवर नवे नकाशे होते. आणि माझ्याकडे तो लहान प्रिंटर होता, ज्यावर मी तुमची चित्रं छापून कपाटाला लावते.

नागपूरचे, हैदराबादचे, आणि तिथे उतरता आलं नाही तर जिथे जायचं त्या विमानतळाचे नकाशे छापायला घेतले. ती पानाचं नाव सांगे, मी ते यादीवरून पडताळून क्रमाने लावी. मध्येच शाई फिकी पडली, तेव्हा तिने फिकी पानं बाजूला काढून काळ्या शाईत पुन्हा छापली. शेवटी मी प्रत्येक विमानतळाची पानं वेगळी करून दोऱ्याने बांधली. परीक्षेच्या उत्तरपत्रिका मी आयुष्यभर तशाच बांधल्या होत्या, हाताला दुसरं काही येत नव्हतं.

न्यायचं कसं, हा प्रश्न होता. ती मोटार चालवू शकत नव्हती, आणि माझी नजर आता पुरत नाही. शेजाऱ्यांचं देवळीला कापडाचं दुकान आहे. त्यांची गाडी धुऊन, हार घालून दारात उभी होती, पूजेची तयारी चालली होती. मी कुंपणावरून सांगितलं. त्यांच्या पत्नीने म्हटलं की पूजेआधी गाडी रस्त्यावर काढू नये. ते माझे एकेकाळचे विद्यार्थी. किल्ली घेऊन बाहेर येत ते बायकोला म्हणाले, "लेकराचा मामला आहे. गाडीले राग आला तं संध्याकाळी डबल नारळ फोडू."

मी मागे बसले, कागद मांडीवर. दसऱ्याचा दिवस म्हणजे नागपूरच्या रस्त्यावर दीक्षाभूमीला जाणाऱ्यांची गर्दी. पांढऱ्या कपड्यांतली माणसं बसमधून, ट्रकमधून, टेम्पोतून चालली होती, कडेवर मुलं, निळे झेंडे. केळझरला आत्या एरवी टेकडीच्या गणपतीकडे पाहून हात जोडते. त्या दिवशी तिने मान वळवली नाही, मोबाईलवर वैमानिकाला वजनाचे आकडे सांगत होती. बुटीबोरीपुढे गाडी मुंगीच्या पावलाने चालली. कोणी हॉर्न वाजवत नव्हतं. आमच्या शेजाऱ्यांनी काच खाली करून पुढच्या टेम्पोला सांगितलं की दवाखान्याचं काम आहे, तेव्हा टेम्पोतल्या बाया बाजूला सरका म्हणून पुढच्यांना सांगू लागल्या. असं एकाने दुसऱ्याला सांगत सांगत आम्हाला वाट मिळाली.

विमानतळाच्या लहान फाटकाशी ॲम्ब्युलन्स उभी होती. मागचं दार उघडं. आत ती मुलगी निजलेली, तिची आई शेजारी बसलेली. त्या आईने माझ्या मांडीवरच्या कागदांकडे पाहिलं. तिला त्यांचं काय कळणार, पण सगळे त्यांचीच वाट पाहत आहेत हे तिला कळलं असावं.

कागद घ्यायला जो वैमानिक आला तो कित्येक वर्षं आत्याच्या शेजारी, उजव्या खुर्चीत बसलेला. आता तो डावीकडे बसतो. तो म्हणाला, मॅडम, तुम्ही लावलेत ना, मग पाहायचं काय. आणि कागद काखेत मारून निघाला. आत्याने त्याला थांबवलं.

"माझं नाव पाहून घेऊ नकोस. पान पाहून घे. आज माझ्यावर भरवसा ठेवायचा नाही."

तिथेच, गाडीच्या बॉनेटवर, हार बाजूला सारून, दोघांनी एकेक पान तपासलं. मग ते उडाले. व्हायला नको होता तेवढा उशीर झाला होता. दुपारी निरोप आला की मुलगी हैदराबादला पोचली, दवाखान्यात दाखल झाली. पुढचं आम्हाला कळलं नाही. आत्या म्हणते, पुढचं त्यांना कधीच कळत नसे.

आता तुमच्या बाबांचा भाग. विमानाच्या धंद्यात काही चुकलं की ज्याच्या हातून चुकलं त्याने ते स्वतः लिहून कळवायचं असतं. त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला. त्यांचं म्हणणं असं होतं की कुलपाची मुदत संपली, ती वाढवायची राहिली, हे कंपनीच्या मुख्य ऑफिसचं काम, आणि हे सगळं खरंच आहे, मग तेवढंच लिहावं. त्यात पूजा कशाला आणायची? वाचणारे हसतील, म्हणतील हे लोक विमानाच्या टॅबलेटला फुलं वाहत बसतात. आणि तिच्या हातात उरलेलं एवढं एक काम, तेही जाईल. बहिणीवरच्या मायेनेच ते बोलत होते. मलाही ते खोटं वाटलं नाही. आत्याने सगळं ऐकून घेतलं.

"दादा, कुलूप उघडं होतं हे खरं. पण रोज संध्याकाळी कडी मी लावतो. थे त्या दिवशी काऊन नाई लावली, हे कोन सांगन?"

बाबा म्हणाले, तुले पटते तसं लिही.

तिने लिहिलं आणि इंग्रजी तपासायला माझ्याकडे दिलं. त्यात ही दोन वाक्यं होती: एका विमानाचे दोन्ही टॅबलेट मी माझ्या नियमाविरुद्ध एकत्र घरी ठेवले. ते पूजेत असल्यामुळे आमच्या घरच्या रिवाजाप्रमाणे त्या संध्याकाळी मी त्यांना हात लावला नाही. तिने कुठे माफी मागितली नव्हती आणि कुणाला दोषही दिला नव्हता. मला त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

दोन दिवसांनी कळलं की चौकशी होईपर्यंत टॅबलेटचं काम दुसरीकडे दिलं आहे. एक माणूस येऊन चाचणीचा टॅबलेटही घेऊन गेला. तिने तो स्वच्छ पुसून, चार्ज करून, वायर गुंडाळून दिला.

त्या वर्षीची दिवाळी शांत गेली. तुम्ही व्हिडिओवर किल्ला दाखवलात, तेव्हा ती छान बोलली, पण फोन संपताच ती खोलीत गेली. संध्याकाळी चहा झाला की तिचे हात रिकामे असत. मग ती माझा मोबाईल मागून घेई आणि त्यात जे काही नवं येऊ पाहत असेल त्याला 'आज नको' सांगून मला परत देई. कॅलेंडरवरचा लाल गोल आला त्या दिवशी ती भिंतीपाशी बराच वेळ उभी होती. शेजारीण फराळाचं ताट घेऊन आली आणि तिने विचारलं, बाई, पोरगी आताशी घरीच काऊन राह्यते, कुठी स्थळ पाहून राह्यले का? मी म्हटलं, पाहून राह्यलो ना, विमान. ती हसली. आतल्या खोलीतूनही हसू आलं, त्या महिन्यात पहिल्यांदा.

दिवाळीनंतर काही दिवसांनी उड्डाणप्रमुखांचा फोन आला. आत्याने तो मलाही ऐकू येईल असा ठेवला. त्यांनी बाकी काही विचारलं नाही, फक्त एवढंच की नियम तुम्हीच केला होता, मग दोन्ही एकत्र का ठेवले? तिने सांगितलं, एकाची पूजा करून दुसऱ्याला टेबलावर ठेवणं बरं दिसलं नसतं. मला वाटलं, हे वाक्य तिला महागात पडणार.

मग ते आपल्या संथ हिंदीत म्हणाले, "पूजा बंद मत कीजिए. जोड़ी तोड़ दीजिए."

त्यांनी सांगितलं की तिचं लिहिलेलं, नाव काढून, सगळ्या वैमानिकांना वाचून दाखवलं. कोणी हसलं नाही. तिने फक्त कुलपाचं कळवलं असतं तर पुढच्या वेळी कुलूप बदललं असतं आणि बाकी सगळं तसंच राहिलं असतं. आता कंपनीत लेखी नियम आहे की एका विमानाचे दोन टॅबलेट विमानाबाहेर एका छपराखाली ठेवायचे नाहीत, आणि संध्याकाळी पाहायचं काम एकट्या माणसावर सोडायचं नाही. टॅबलेट तिच्याकडे परत आले. त्या दिवशी संध्याकाळी तिने स्वतःहून दुसरा कप चहा मागितला.

इथे मी थांबले असते तर तुम्हाला गोष्ट बरी वाटली असती. पण काळी वही अजून राहिली.

पौषात एके सकाळी आम्ही दोघी ओसरीत मेथी निवडत होतो. तिचे हात मध्येच थांबले. डोळे उघडे, पण ती कुठेच पाहत नव्हती. हातातली पानं मांडीवर पडली. मी हाक मारली, उत्तर नाही. थोड्या वेळाने ती भानावर आली आणि निवडू लागली, जणू काही झालंच नाही. मग माझ्या तोंडाकडे पाहून थांबली.

"आई, तू काय पाह्यलं थे सांग. सगळं सांग."

घरात आम्ही दोघीच होतो. उन्हाळ्यातल्या तपासणीवर तिचं उडणं अवलंबून होतं, हे मलाही माहीत होतं आणि तिलाही. मी जे पाहिलं ते सांगितलं. तिने त्याच दिवशी डॉक्टरांना कळवलं. या वेळी तुमच्या बाबांनी फोनवर काही सुचवलं नाही. एवढंच म्हणाले, मी येऊ का? ती म्हणाली, येजो, पण सुट्टी पाहून.

उन्हाळ्यात तपासणीच्या निकालाचं पत्र आलं. ती आता कायमची जमिनीवर आहे. पत्र आलं त्या दिवशी नवे नकाशे भरायचे होते. तिने पत्र वाचलं, घडी करून मला दिलं, आणि दुपारच्या गाडीने नागपूरला गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. तिने सांगितलं, तिचा हेडसेट तिने त्या वैमानिकाला दिला, जो आता डावीकडे बसतो.

या नवमीला ती एकच टॅबलेट घेऊन आली. त्याचा जोडीदार नागपूरला विमानात होता. तिने माझ्यासमोर तो पूर्ण बंद केला, काळी काच मला दाखवली आणि पाटावर ठेवला. मग आत गेली आणि ट्रंकेतून लॉगबुक घेऊन आली. मागच्या वर्षी ती काय म्हणाली होती ते मला आठवत होतं, तिलाही आठवत असणार. तिने वही टॅबलेटच्या शेजारी ठेवली. मी दोन्हींना कुंकू लावलं. तुम्ही पाहिलात तो फोटो त्या वेळचा.

दसऱ्याला सकाळी आपट्याची पानं वाहून झाली. तिने टॅबलेट उचलला, कुंकू पुसलं, चालू केला, दोनदा पाहिला आणि पिशवीत ठेवला. गाडीची वेळ झाली होती. मी वही उचलून तिच्यापुढे धरली. तिने ती घेतली नाही.

"हे राहू दे, आई. बाबांच्या ओळंब्यासंगं."

दुसऱ्या दिवशी मी पाट उचलला आणि वही आजोबांच्या ओळंब्याजवळ कपाटात ठेवली. पुढच्या नवमीला दोन्ही बाहेर काढीन. ओळंबा चिंचेने घासावा लागतो, वर्षभरात काळा पडतो. वहीला नुसतं कोरडं फडकं पुरेल.